किडनीचा आजार असलेल्या म्हाताऱ्या मांजराचं अंग उडतं, थरथरतं तेव्हा: कारण शोधायचा क्रम

मांजराला किडनीचा आजार आहे हे एकदा पक्कं झालं की पुढचं सगळं त्याच खात्यावर मांडलं जातं. जेवत नाही? किडनी. वजन उतरतंय? किडनी. मग कधीतरी कान लवायला लागतो, पाठीवरची कातडी सरसरते, उभं राहिलं की मागचे पाय थरथरतात, आणि तेव्हाही उत्तर तेच मिळतं. ते चूक नसतं, पण अर्धं असतं. किडनी बिघडल्यामुळे पोटॅशियम उतरलंय, ब्लड प्रेशर चढलंय, कॅल्शियम घसरलंय की एखादं औषध अंगात साचलंय, हे त्यातून कळत नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतो. यातल्या बहुतेक गोष्टी मोजता येतात. काही तर कारण सापडल्यावर थोड्याच दिवसांत सुधारतात. म्हणून 'वय झालंय, किडनी गेलीय' एवढ्यावर समाधान मानण्याआधी खालच्या क्रमाने जाऊन पाहा.

लेखात आकडे दिले आहेत ते रिपोर्ट हातात आल्यावर समजावा आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून. घरच्या घरी डोस ठरवण्यासाठी ते नाहीत.

आधी ठरवा: आत्ता निघायचं की सकाळपर्यंत थांबता येईल

यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, लेख नंतर वाचा:

- पूर्ण अंगाची आकडी पाच मिनिटांहून जास्त चालली, २४ तासांत दुसऱ्यांदा आली, किंवा दोन आकड्यांच्या मधे शुद्धच आली नाही.
- मांजर अचानक भिंतीला, फर्निचरला धडकायला लागलं आणि डोळ्यांच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्याच राहिल्या.
- मान छातीकडे झुकली आहे आणि मांजराला ती वर उचलता येत नाही.
- ट्रेमध्ये जाऊन बसतं, जोर करतं, पण लघवी होत नाही.
- अंग गार लागतं, हाक मारली तर ओळख देत नाही, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेतं.
- कुत्र्यांसाठीचं पिसवा-गोचिडांचं औषध त्याच्या अंगावर लागलं आहे, किंवा ते औषध नुकतंच लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलं होतं.
- लिलीचं फूल, पान किंवा फुलदाणीतलं पाणी तोंडात गेल्याची शंका आहे. लिलीने निरोगी मांजराचीही किडनी दोन-तीन दिवसांत निकामी होते.

आकडी चालू असताना तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीच घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही. तुमचं बोट मात्र चावलं जाईल. मांजर उंचावर असेल तर जमिनीवर घ्या, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा, दिवे आणि आवाज कमी करा आणि घड्याळ बघा. अशा वेळी वीस सेकंद पाच मिनिटांसारखे वाटतात, म्हणून अंदाजावर जाऊ नका. माणसांची झोपेची किंवा आकडीची गोळी देऊ नका. डायझेपाम तोंडाने दिल्यावर काही मांजरांचं यकृत अचानक निकामी झाल्याची उदाहरणं आहेत.

कुत्र्यांच्या औषधाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण घाईत ही गोष्ट हमखास विसरली जाते. मानेवर थेंब टाकायच्या अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या यकृताला ते फोडता येत नाही. काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांनीही, कान आणि मिशा लवण्यापासून सुरुवात होते आणि पूर्ण अंग थरथरायला लागतं. मांजर शुद्धीवर असेल तर डॉक्टरांना फोन करून, ते सांगतील त्याप्रमाणे, भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने ती जागा धुवा. गरम पाणी नको, त्याने औषध कातडीतून जास्त शोषलं जातं. गार पाण्याने थरथर वाढते. मग लगेच निघा. किडनीचं मांजर आहे म्हणून डॉक्टरही आधी त्याच दिशेने विचार करतील, तेव्हा हे तुम्हीच आठवणीने सांगा.

काय दिसतंय ते नीट पाहा

'अंग उडतं' म्हणताना माणसं चार-पाच निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात, आणि मांजर दवाखान्याच्या टेबलावर गेलं की यातलं काही करून दाखवत नाही. त्यामुळे मोबाइलवर काढलेला व्हिडिओ कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त कामाचा. चेहरा आणि पाय दोन्ही दिसतील असा धरा, एक-दोन मिनिटं सलग चालू ठेवा, मधे एकदा नाव घेऊन हाक मारा आणि एकदा अंगाला हळूच हात लावा. त्यावर मांजर काय करतं, हीच डॉक्टरांना हवी असलेली माहिती.

गाढ झोपेत पंजे, मिशा, ओठ हलणं स्वाभाविक आहे. हाक मारल्यावर मांजर जागं होऊन नेहमीसारखं बघत असेल तर त्याच्या मागे लागू नका. जागेपणी कानाचा, पापणीचा किंवा गालाचा एकच स्नायू पुन्हा पुन्हा लवणं, किंवा कातडीखाली बारीक वळवळ दिसणं, हे बहुधा क्षारांच्या गडबडीकडे किंवा रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांकडे बोट दाखवतं. उभं असताना, उडी मारण्याआधी, ट्रेमधून उतरताना मागचे पाय थरथरणं हा वेगळा प्रकार. त्यात अशक्तपणा, पोटॅशियमची कमतरता किंवा सांधेदुखी असते. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा ९० टक्क्यांच्या सांध्यांत झीज सापडली होती, तेव्हा सांधे विसरू नका. क्षणभरात सगळं अंग दचकल्यासारखं उसळणं आणि ते खणखणीत आवाजानंतर होणं, याबद्दल पुढे लिहिलं आहे. आणि शुद्ध हरपणं, लाळ गळणं, लघवी सुटणं, पाय मारत राहणं ही सरळ आकडी.

दुसरं म्हणजे वेळ. चार दिवस एका कागदावर फक्त इतकंच लिहा: कधी झालं, किती वेळ, अंगाचा कुठला भाग, त्याआधी काय झालं होतं. 'आधी'च्या रकान्यात जेवण, प्रत्येक औषध, कातडीखालचं सलाइन, आवाज, झोप, गारठा हे सगळं येऊ द्या. गोळी दिल्यावर दोन तासांनीच दर वेळी थरथर येते असा एखादा मेळ त्या कागदावर दिसला, तर बराचसा शोध तिथेच संपतो. सलाइननंतर लगेच कापरं भरत असेल तर पिशवी गार होती का ते आधी बघा. ती कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी करावी आणि मनगटावर थेंब टाकून खात्री करावी. मायक्रोवेव्ह नको, त्यात काही भाग चटका बसण्याइतका तापतो.

औषधांचा डबा उघडा

माझ्या मते रक्त काढण्याआधीची ही पायरी आहे, आणि ती घरीच होते. किडनीचं मांजर एका वेळी पाच-सहा औषधांवर असतं, कधी दोन वेगळ्या डॉक्टरांच्या. त्यातली बरीच औषधं किडनीवाटेच बाहेर पडतात. आजार वाढतो, किडनीचं काम आणखी मंदावतं, डोस मात्र सहा महिन्यांपूर्वीचाच राहतो. मग जो डोस चालत होता तोच अंगात साठायला लागतो.

भूक वाढवण्यासाठी दिली जाणारी मिर्टाझपिन या यादीत पहिली. ती दिल्यावर मांजर अस्वस्थ होऊन ओरडत फिरत असेल, स्नायू लवत असतील, थरथरत असेल, तर डोस जास्त होतोय असं समजावं. किडनीच्या मांजरांत हे औषध अंगात जास्त काळ टिकतं, म्हणून त्यांना साधारणतः १.८८ मिलिग्रॅम आणि तेही एक दिवसाआड देतात. माणसांची गोळी बहुधा १५ मिलिग्रॅमची, म्हणजे तिचा आठवा भाग. आठ तुकडे करताना ते सारखे होत नाहीत, आणि चुकून अख्खी गोळी गेली तर आठ पट डोस जातो. कानाच्या आतल्या बाजूला लावायचं मलमही मिळतं. त्यातही औषध तेच, दुष्परिणामही तेच. त्यासोबत ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक किंवा मेंदूतलं सिरोटोनिन वाढवणारं दुसरं काही चालू असेल तर थरथर, ताप, फार मोठ्या बाहुल्या असं सगळं एकदम होऊ शकतं. या विषारी परिणामावर सायप्रोहेप्टाडिन हा उतारा आहे, म्हणून वेळ न घालवता डॉक्टरांना कळवा.

उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइडही किडनीवाटे जातं. साठलं की थरथर, बेचैनी. गॅबापेंटिन साठलं तर लवण्यापेक्षा झुलणं, लडखडणं आणि गुंगी दिसते. मेट्रोनिडाझोल जास्त दिवस किंवा जास्त डोसने दिलं तर मेंदूवर परिणाम होतो. जेवणातलं फॉस्फरस बांधून ठेवायला दिलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड मोठ्या डोसने दीर्घकाळ चाललं तर अ‍ॅल्युमिनियम अंगात साठून स्नायूंची दुर्बलता आणि लवणं दिसू शकतं. आजार पुढच्या टप्प्यात असेल तर लँथनमसारखा दुसरा पर्याय चालेल का, ते विचारा. मधुमेह असून इन्सुलिन चालू असेल आणि मांजर नीट जेवलेलं नसेल, तर थरथर म्हणजे साखर उतरल्याचा इशारा धरून लगेच ग्लुकोज मोजा.

आणखी एक गोष्ट औषध म्हणून कुणी मोजतच नाही. किडनीच्या मांजरांना बद्धकोष्ठ वारंवार होतं, आणि कपाटात माणसांचा तयार एनिमा असतो. सोडियम फॉस्फेटचा एनिमा मांजराला कधीही देऊ नका. त्यातलं फॉस्फेट आतड्यातून रक्तात उतरतं, कॅल्शियम धाडकन खाली येतं आणि काही तासांत आकड्या, मृत्यूपर्यंत वेळ जाते. किडनी बिघडलेल्या मांजराला तर ते फॉस्फेट बाहेरही टाकता येत नाही.

यादी करताना नाव, डोस, दिवसातून किती वेळा, कधीपासून, आणि शेवटचा बदल कधी झाला, हे लिहा. पूरक पावडरी, पेस्ट, 'नैसर्गिक' म्हणून दिलेलं तेलही त्यात घ्या. मनाने काही बंद मात्र करू नका. ब्लड प्रेशरचं औषध अचानक थांबवलं तर नवंच संकट उभं राहील.

दवाखान्यात पहिली तपासणी ब्लड प्रेशरची

या तपासणीला सुई लागत नाही, वेळ फारसा लागत नाही, आणि तरी तीच सगळ्यात जास्त राहून जाते. किडनीचा जुना आजार असलेल्या मांजरांत निदान पाचातल्या एकाचं ब्लड प्रेशर वाढलेलं सापडतं. वाढलेला दाब आधी डोळ्यांवर आणि मेंदूवर जातो. मेंदूत सूज येते आणि मांजर सैरभैर होतं, कोपऱ्यात डोकं टेकून उभं राहतं, रात्री विचित्र ओरडतं, चेहऱ्याचे स्नायू लवतात, आकडी येते. डोळ्याचा पडदा सुटून एका रात्रीत आंधळेपणही येतं.

किडनीच्या आजाराचे चार टप्पे ठरवणारी इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी, म्हणजे आयरिस, वरच्या आकड्याची वर्गवारी अशी करते: १४० च्या खाली सामान्य, १४० ते १५९ सीमेवरचं, १६० ते १७९ वाढलेलं, १८० आणि त्यावर फारच वाढलेलं. दवाखान्यात आल्याच्या भीतीनेही आकडा चढतो, त्यामुळे कसं मोजलं ते महत्त्वाचं. रक्त काढण्याआधी, शांत खोलीत, मांजराला पाच-दहा मिनिटं स्थिरावू देऊन, तुम्ही जवळ असताना मोजावं. पहिला आकडा सोडून पुढच्या पाच ते सात आकड्यांची सरासरी धरतात. 'किती वेळा मोजलं?' असं विचारलं तर चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. त्याच भेटीत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. तिथे रक्तस्राव किंवा सुटलेला पडदा दिसला तर पुन्हा मोजण्यासाठी थांबण्याचं कारण उरत नाही.

उपचाराला बहुधा अ‍ॅम्लोडिपिन. नेहमीची सुरुवात दिवसाला ०.६२५ मिलिग्रॅम, म्हणजे २.५ च्या गोळीचा चौथा भाग. टेल्मिसार्टन हा द्रव स्वरूपातला दुसरा पर्याय. आकडा १६० च्या खाली यावा पण १२० च्याही खाली जाऊ नये, असं उद्दिष्ट असतं. औषध सुरू केल्यावर आठवडा-दहा दिवसांत पुन्हा मोजतात. डोळा किंवा मेंदू आधीच बाधित असेल तर एक ते तीन दिवसांत. रक्त वाढवण्यासाठी डार्बेपोएटिनची इंजेक्शनं चालू असतील तर हे मोजमाप आणखी जपून करायचं, कारण त्या औषधाने दाब वाढू शकतो आणि लाल पेशी फार भराभर वाढल्या तर आकडीही येऊ शकते.

रक्ताच्या रिपोर्टात काय काय असायला हवं

'किडनी प्रोफाइल' म्हटलं की बऱ्याच ठिकाणी क्रिएटिनिन आणि युरिया, म्हणजे किडनीने बाहेर टाकायची दोन द्रव्यं, एवढंच येतं. लवण्या-थरथरण्याचं कारण शोधायला ते पुरत नाही. पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस, एकूण कॅल्शियम, आयनाइज्ड कॅल्शियम, मॅग्नेशियम, ग्लुकोज, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), बायकार्बोनेट (रक्तातली आम्लता कळण्यासाठी) आणि थायरॉइडचं टी-४, एवढं मागा. सगळं एकाच दिवशी शक्य नसेल तर पोटॅशियम, आयनाइज्ड कॅल्शियम आणि ग्लुकोज पहिल्या फेरीत हवंच.

*पोटॅशियम.* साधारण मर्यादा ३.५ ते ५.५. किडनीचं मांजर खूप लघवी करतं, त्यातून पोटॅशियम वाहून जातं. जेवत कमी, म्हणून भरून येत नाही. उलट्या झाल्या तर आणखी उतरतं. ३ च्या आसपास आणि खाली आलं की स्नायू काम सोडतात. मान खाली पडते, मांजर उडी मारायचं टाळतं, मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालतं, स्नायू लवतात. आतडीही मंदावतात, म्हणून बद्धकोष्ठ वाढतं. आणि कमी पोटॅशियम स्वतः किडनीला आणखी इजा करतं, म्हणजे चक्र उलट्या बाजूनेही फिरतं.

सलाइनचा इथे थेट संबंध आहे. साध्या नॉर्मल सलाइनमध्ये पोटॅशियम अजिबात नसतं आणि रिंगर लॅक्टेटच्या लिटरभर पिशवीत फक्त ४ मिलिइक्विव्हॅलंट असतं. रोज सलाइन देऊन लघवी वाढली आणि पोटॅशियम मोजलं नाही, तर आपणच ते धुऊन काढत असतो. उपाय सोपा आहे: पोटॅशियम ग्लुकोनेट किंवा सायट्रेट तोंडाने, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, जेवणात मिसळून. सायट्रेटने रक्तातली आम्लताही थोडी कमी होते. पिशवीत पोटॅशियम घालायचं असेल तर ते डॉक्टरांनी घालून द्यावं. स्वयंपाकघरातलं 'कमी सोडियमचं मीठ' यासाठी वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं खरं, पण मांजराच्या वजनाला लागणारी बारीक मात्रा त्यातून मोजता येत नाही. कारण खरोखर हेच असेल तर मान आणि चाल काही दिवसांत सुधारलेली डोळ्यांना दिसते.

ब्लड प्रेशर वाढलेलं आणि पोटॅशियम सतत कमी, अशी जोडी दिसली तर एक प्रश्न आवर्जून विचारा: अ‍ॅल्डोस्टेरॉन तपासायचं का? किडनीशेजारच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली गाठ हे संप्रेरक जास्त सोडते आणि दोन्ही गोष्टी घडवून आणते. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार किडनीच्या नावाखाली दडून राहतो. सोनोग्राफीत ग्रंथी मोठी दिसू शकते. स्पायरोनोलॅक्टोनने किंवा शस्त्रक्रियेने उपचार होतात. आणि पूरक देऊनही पोटॅशियम चढतच नसेल तर मॅग्नेशियम बघा. ते कमी असेल तर पोटॅशियम टिकत नाही.

पोटॅशियम जास्त झालं तरी स्नायू ढिले पडतात, आणि हृदयाची गती मंदावते म्हणून ते जास्त धोक्याचं. लघवी अडणं, शेवटचा टप्पा, बेनाझेप्रिल-टेल्मिसार्टन-स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं, किंवा किडनीच्या खास आहारात आधीच घातलेलं पोटॅशियम आणि वर पुन्हा पूरक, अशी कारणं असतात. म्हणूनच रिपोर्ट न बघता 'देऊन तर बघू' हे इथे चालत नाही.

*कॅल्शियम.* इथे रिपोर्ट फसवतो. किडनीच्या आजारात एकूण कॅल्शियम सामान्य किंवा जास्त दिसत असताना स्नायू-नसांना प्रत्यक्ष वापरता येणारं, म्हणजे आयनाइज्ड, कॅल्शियम कमी असू शकतं. म्हणून ते वेगळं मोजायचं. नमुना हवेशी संपर्क न येऊ देता आणि लवकर तपासावा लागतो. आयनाइज्ड कॅल्शियम उतरलं की कान, मिशा, पापण्या लवतात, मांजर पंजाने तोंड घासत राहतं, चाल ताठरते, आवाजाने दचकतं, पुढे आकडी येते. फॉस्फरस खूप चढलेलं असताना, किंवा लघवीचा मार्ग अडल्यावर हे जास्त दिसतं. आम्लता घालवण्यासाठी बायकार्बोनेट घाईने दिलं तरी आयनाइज्ड कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही खाली येतात.

लक्षणं तीव्र असतील तर शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, तेही ईसीजीवर लक्ष ठेवून. घरी कॅल्शियमची गोळी देऊ नका. फॉस्फरस जास्त असताना कॅल्शियम वाढवलं तर दोन्ही मिळून किडनी आणि इतर अवयवांत साका धरतो. खरा इलाज फॉस्फरस खाली आणण्याचा. आयरिसच्या मते दुसऱ्या टप्प्यात ते ४.६, तिसऱ्यात ५ आणि चौथ्यात ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असावं. त्यासाठी आधी कमी फॉस्फरसचा आहार आणि लागलं तर जेवणातच मिसळायचं बंधक औषध. जेवण सोडून नुसतं बंधक दिलं तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

रिपोर्ट वाचताना एक बारकावा: पोटॅशियम भलतंच जास्त आणि कॅल्शियम भलतंच कमी, असं दोन्ही एकदम आलं आणि मांजर त्या मानाने बरं दिसत असेल, तर जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, नमुन्यात मिसळलं असण्याची शक्यता असते. नमुना पुन्हा घ्यायला सांगा.

*विषारी द्रव्यं.* किडनीने बाहेर न टाकलेल्या द्रव्यांमुळे मेंदू आणि नसा चिडून स्नायू लवणं हे खरं कारण आहेच, पण ते मुख्यतः आजार फार पुढे गेल्यावर. क्रिएटिनिन २.९ ते ५ म्हणजे तिसरा टप्पा, ५ च्या वर चौथा. दुसऱ्या टप्प्यातल्या, बरं जेवणाऱ्या मांजराचा कान लवतोय आणि 'युरियामुळे' असं सांगितलं जातंय, तर मी ते मान्य करणार नाही. बाकीचे आकडे मागेन. उलट स्थिर असलेलं मांजर दोन दिवसांत एकदम खालावलं असेल, तर जुन्या आजारावर नवा घाव पडला आहे का ते शोधायला हवं: मूत्रवाहिनीत अडकलेला खडा, किडनीचा संसर्ग, पाणी कमी पडणं. यासाठी सोनोग्राफी आणि लघवीचं कल्चर लागतं, आणि यातलं काही सापडलं तर मांजर पुन्हा जुन्या पातळीवर येऊ शकतं.

हिमॅटोक्रिट २० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर अशक्तपणाची थरथर त्यातूनच येऊ शकते.

किडनीशी नातं नसलेली किंवा दूरचं नातं असलेली कारणं

थायरॉइड जास्त काम करत असेल तर मांजर खातं पण वाळतं, अस्वस्थ असतं, बारीक थरथरतं. हा आजार क्रिएटिनिन खाली ठेवून किडनीचा आजार झाकतो, ब्लड प्रेशरही वाढवतो, म्हणून दोन्ही एकत्र बघायचे.

जीवनसत्त्व ब-१, म्हणजे थायमिन, पाण्यात विरघळणारं. भरपूर लघवी करणाऱ्या आणि न जेवणाऱ्या मांजरात ते लवकर संपतं. कच्च्या माशांतलं एक एन्झाइम आणि मांस टिकवायला घातलेलं सल्फाइट ते नष्ट करतं. मान खाली पडणं, मोठ्या बाहुल्या, तोल जाणं, आकडी ही लक्षणं. इंजेक्शनचा धोका फार कमी आहे, म्हणून शंका आली तर रिपोर्टची वाट न बघता देतात.

आवाजाने येणाऱ्या झटक्यांचं प्रकरण २०१५ च्या सुमाराला नीट नोंदलं गेलं, आणि ते नेमकं म्हाताऱ्या मांजरांचं आहे: सुरुवात साधारण पंधराव्या वर्षाच्या आसपास, बर्मन जातीत जास्त. अ‍ॅल्युमिनियम फॉइलची चुरचुर, चिनी मातीच्या वाडग्यावर चमचा आपटणं, किल्ल्यांचा किंवा नाण्यांचा खळखळाट, प्लास्टिकची पिशवी चुरगळणं अशा उंच पट्टीच्या आवाजाने सगळं अंग क्षणभर उसळतं, कधी पुढे पूर्ण आकडी येते. गंमत अशी की यातली निम्मी मांजरं मालकांच्या मते बहिरी किंवा कमी ऐकणारी होती, त्यामुळे आवाजाचा संशयच कुणाला येत नाही. पहिला उपाय ते आवाज टाळण्याचा. औषध लागलं तर लेव्हेटिरासिटाम चांगलं काम करतं, पण तेही किडनीवाटे बाहेर पडतं. डोस किडनीचा टप्पा बघून ठरला आहे ना, ते विचारा.

गारठा विसरू नका. वाळलेल्या, किडनीच्या मांजराचं अंग लवकर गार पडतं. ३८ ते ३९ सेल्सियसच्या आसपास तापमान असायला हवं, ३७.५ च्या खाली असेल तर डॉक्टरांना कळवा. ऊब द्या, पण गरम पिशवी थेट कातडीला लावू नका, अशक्त मांजर चटका बसला तरी सरकत नाही.

उपचार सुरू झाल्यावर

एका वेळी एकच बदल करण्याचा आग्रह धरा, तातडीची वेळ सोडून. त्याच दिवशी नवा आहार, नवं पूरक आणि नवी गोळी सुरू केली, तर फरक कशाने पडला किंवा बिघाड कशाने झाला हे कळायचा मार्ग राहत नाही. कागदावरची नोंद चालूच ठेवा; आठवड्याला किती वेळा लवतं हे आठवणीवर सोडलं की बरं वाटलेल्या दिवशी कमी आणि काळजीच्या दिवशी जास्त भासतं. पोटॅशियमचं पूरक सुरू केलं असेल तर एक-दोन आठवड्यांत पुन्हा मोजा. मांजराचं वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर घ्या. वजन घटलं की औषधांचे डोसही पुन्हा हिशेबात घ्यावे लागतात.

सगळं तपासून झालं, आकडे जागेवर आहेत, औषधं निर्दोष आहेत, आणि तरी दिवसातून एखादा कान लवतो, असंही होतं. मांजर जेवतंय, स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतंय, उडी मारतंय, तर ते तसंच राहू देण्यात काही वावगं नाही. एमआरआयसाठी भूल द्यावी लागते, आणि किडनीच्या मांजरात भुलीची जोखीम साध्या कान लवण्यापेक्षा मोठी. आकड्या येत असतील तर हा हिशेब बदलतो, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्या.

चौथ्या टप्प्यात, फॉस्फरस आणि युरिया औषधांना दाद देत नसताना, मळमळ थांबत नसताना सुरू झालेलं लवणं मात्र वेगळं. तिथे पोटॅशियम-कॅल्शियम दुरुस्त करून थोडा आराम मिळतो, टिकत नाही. मांजर खाणं सोडतं, तोंडाला अमोनियासारखा वास येतो, आकड्या जवळ जवळ यायला लागतात. अशा वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: शिरेतून दोन-तीन दिवस सलाइन देऊन यातलं किती परत मिळेल, घरी आकडी आली तर नाकातून किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध तयार ठेवता येईल का, आणि शांतपणे निरोप देण्याची वेळ आली तर ते घरी येऊन करतील का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर जो डॉक्टर घरी येतो त्याचा नंबर आधीच मिळवून ठेवा, कारण अशी आकडी बहुधा दवाखाना बंद असताना येते.